देव्हाऱ्यात ठेवलेलं पत्रक

आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. वडील संध्याकाळी छापखान्यातून ओल्या शाईचा गठ्ठा घेऊन येत आणि अक्षरं गिरवायच्या वयात मी त्या पत्रकांच्या घड्या घालायला शिकले. त्यामुळे पत्रक म्हणजे काय, याबद्दल माझी मतं ठाम आहेत. ते वाचायचं असतं, वाचून त्याच्याशी भांडायचं असतं आणि मग त्यात शेंगदाणे बांधले तरी चालतात. त्याची पूजा करायची नसते. पुण्याहून मद्रासपर्यंत सायकलवर जाऊन आल्यावर हे मुद्दाम लिहावं लागतंय, यावरूनच माझ्या मनःस्थितीची कल्पना यावी.

आम्ही पाच जण निघालो ते आमच्यातल्या विश्वासच्या बहिणीमुळे. मंजू सतरा वर्षांची होती. शाळेच्या मैदानावर शर्यतीत पळता पळता पडली आणि उठली नाही. हृदयाच्या स्नायूची भिंत आतून जाड होत गेली होती, असं नंतर डॉक्टरांनी सांगितलं. हा आजार घराण्यातून येतो. आईबापांपैकी एकाला असला तर मुलात उतरायची शक्यता निम्मी. वरून माणूस धडधाकट दिसतो, खेळतो, धावतो. विश्वासच्या वडिलांचा एक भाऊ विहिरीत पोहताना असाच गेला होता. घरात त्याला ‘दृष्ट लागली’ म्हणत. एक माणूस दृष्टीच्या नावावर खपवला, म्हणून दुसरं माणूस गेलं. विश्वासने स्वतःला तपासून घेतलं. तो सुटला. मग गावोगाव जाऊन हे सांगायचं त्याने ठरवलं, मी पत्रक लिहिलं, आणि खर्चासाठी आम्हाला भेटली एक खाद्यतेलाची कंपनी.

कंपनीने पिवळे बनियन दिले. छातीवर तेलाचा डबा, पाठीवर ‘हृदयाचा खरा मित्र’. या आजाराचा तेलाशी काही संबंध नाही, हे विश्वासने त्यांच्या प्रचार अधिकाऱ्याला परोपरीने सांगितलं. अधिकारी म्हणाला, लोकांना एवढा फरक कुठे कळतो, हृदय म्हटलं की झालं. मी त्याच दिवशी बनियन परत करा म्हणत होते. चौघांनी माझ्याविरुद्ध मत दिलं. रस्त्यात पंक्चर काढायलाही पैसे लागतात, हे त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, म्हणून मी तो डबा छातीवर घेऊन हैदराबाद, विजयवाडा, नेल्लूर पार केलं.

गुम्मिडिपूंडी

नेल्लूर सोडल्यावर रस्ता सपाट होतो आणि सगळं जग ट्रकवाल्यांच्या मालकीचं होतं. एका बाजूला खारं पाणी, बगळे, ताडाची झाडं. दुसऱ्या बाजूला कर्णा वाजवत अंगावर येणारं लोखंड. तमिळनाडूची हद्द ओलांडली की पहिलं मोठं गाव गुम्मिडिपूंडी. तिथे कारखानेच कारखाने. पाळी सुटायच्या वेळी आम्ही एका फाटकासमोर सायकली लावल्या. मोडक्या हिंदीत विश्वास बोलू लागला. ऐकायला बरीच माणसं जमली, माझी छाती फुगली. थोड्याच वेळात एक कामगार शेजारच्या टपरीतून रिकामी बाटली घेऊन आला आणि माझ्यापुढे धरून उभा राहिला. पाठोपाठ दुसरा आला. त्याच्याकडे किटली होती. आम्ही तेल फुकट वाटतोय, असा समज पसरला होता. नाही म्हटल्यावर बाटलीवाला चिडला आणि त्याच्या दृष्टीने ते बरोबरच होतं. दोन तासांत एकानेही हृदयाबद्दल प्रश्न विचारला नाही.

तिथल्याच टपरीत आम्ही पोंगल आणि वडा खाल्ला. पोंगल म्हणजे आपली मुगाची खिचडी, पण तुपात भिजलेली, अख्खे मिरे घातलेली. इतकी चांगली की रागावलेल्या माणसालाही दुसरी वाढ मागावी लागली. टपरीवाल्याने पैसे घेताना माझ्या बनियनकडे बघून सांगितलं की तो शेंगदाण्याचं तेल वापरतो.

पत्रकांचा मोठा गठ्ठा माझ्या कॅरिअरला तसाच बांधलेला होता. सोलापूरनंतर मराठी वाचणारं कोण भेटणार? पण मद्रासमध्ये शेकड्यांनी मराठी घरं आहेत, तंजावरच्या राज्यापासूनची, असं आम्ही ऐकून होतो. म्हणून मी आंध्रभर तो गठ्ठा वाहिला, नदीच्या पुलावर वाऱ्याने सायकल आडवी झाली तेव्हा गुडघा फुटू दिला, पण गठ्ठ्याला पाणी लागू दिलं नाही. आपल्या भाषेची माणसं, ती तरी वाचतील.

अण्णा नगर

राजाराम राव बँकेत अधिकारी होते. पुण्याहून मराठी मुलं सायकलवर येतायत हे कळताच आमची सोय आपल्याच घरी झाली पाहिजे, असा त्यांनी हट्ट धरला होता. मार्गळी महिना होता, म्हणजे आपला मार्गशीर्ष. घरोघर पहाटे दारात तांदळाच्या पिठाची भलीमोठी रांगोळी. शेजारी एक घर बांधलं जात होतं, त्यावर राक्षसाचं तोंड रंगवलेला कोहळा टांगला होता. दृष्ट लागण्याला इकडे दिष्टी म्हणतात. शब्दसुद्धा आपलाच.

“यावें, यावें. इतक्या दुरून सैकलवर? पाय आहेत कीं यंत्र?” रावांनी दारातच विश्वासचे दोन्ही हात धरले. त्यांची मराठी ऐकून मी सगळा शीण विसरले. कुणी जुनी पोथी उघडावी आणि ती तमिळ हेल काढून बोलू लागावी, तशी. कमलाअक्का, म्हणजे रावांच्या पत्नी, पितळी पेल्यात कॉफी घेऊन आल्या. इकडे पेला ओठाला लावत नाहीत, वरून तोंडात धार सोडतात. मी त्यांचं बघून तसं करायला गेले आणि निम्मी कॉफी नाकात गेली. त्यांची मुलगी सरोजा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. ती इतकी हसली की आमची मैत्री तिथेच झाली.

मी रावांच्या हातात पत्रक दिलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, डोळ्यांना लावलं आणि आत गेले. मला वाटलं, चष्मा आणायला गेले. मी मागोमाग गेले तर पत्रक देव्हाऱ्यात, बालाजीच्या तसबिरीला टेकवून ठेवलेलं, आणि त्याच्यावर जास्वंदाचं फूल.

मी विचारलं, वाचणार नाही का? ते ओशाळून हसले. ही लिपी त्यांना येत नव्हती. घरात मराठी बोलतात, वाचन-लेखन तमिळ आणि इंग्रजी. लहानपणी देवनागरी पाहिली ती फक्त भटजींच्या पोथीत. “ही अक्षरें देवाचीं,” ते म्हणाले. “खालीं कशीं ठेवूं?”

माझा अख्खा गठ्ठा, फुटलेल्या गुडघ्यासकट, त्या एका वाक्यात फुकट गेला. दुसऱ्या दिवशी मराठी मंडळाच्या सभागृहात तेच झालं. खुर्च्या भरलेल्या. पत्रक हातात पडलं की माणूस ते कपाळाला लावी आणि पिशवीत जपून ठेवी. कंपनीच्या मद्रास कचेरीतल्या अधिकाऱ्याने तेलावर भाषण केलं. प्रमुख पाहुणे योगासनांवर बोलले. आम्हाला चंदनाचे हार घातले. विश्वासला बोलायला मिळालं तेव्हा लोक उठून जेवणाच्या रांगेकडे निघाले होते. त्याने मंजूचं नाव घेतलं तेव्हा सांबाराच्या बादलीचा आवाज त्याच्यापेक्षा मोठा होता.

आणि पुढच्या रांगेत बसून जोरजोरात टाळ्या वाजवत होता रघू.

रघू हा कमलाअक्कांचा धाकटा भाऊ. सत्तावीस वर्षांचा, उंच, संरक्षण खात्याच्या कारखान्यात नोकरीला. रोज कामावर सायकलने जायचा, शर्यतीत बक्षिसं मिळवायचा. रविवारी आमचा शेवटचा टप्पा होता, एग्मोर स्टेशनपासून मरीनाच्या वाळूपर्यंत. मद्रासचा मराठी तरुण म्हणून सगळ्यांच्या पुढे रघूने असायचं, असं कंपनीने आणि मंडळाने ठरवून टाकलं होतं. पिवळा बनियन त्याने सभागृहातच चढवला. मार्गळी संपून तै महिना लागला की त्याचं लग्न होतं. सरोजाशी.

मी हे दोनदा विचारून घेतलं. सख्ख्या मामाशी? इकडे त्याला मामाचा हक्कच समजतात, वाढलेली मुलगी घरातच राहते म्हणून सगळे खूश असतात. आपल्याकडे मामेबहिणीपर्यंत जाऊन आपण थांबतो आणि मग इकडच्यांना नावं ठेवतो. तेव्हा नाक मुरडायचा मला अधिकार नव्हता, मी मुरडलंही नाही. मी फक्त दिवाणखान्यातल्या फोटोकडे बघत राहिले. हार घातलेला, मिशी नुकती फुटलेला एक मुलगा. सीनू, कमलाअक्का आणि रघू यांच्या मधला भाऊ. क्रिकेट खेळताना धाव घेतली आणि पडला. त्याच्या आधी, रघू पाळण्यात असताना, त्यांचे वडील देवळाच्या पायऱ्या चढताना तसेच गेले. हे मला सरोजाने सांगितलं, सहज, भाजी निवडता निवडता. सीनूमामा फार देखणा होता ना, म्हणून दिष्टी लागली.

मंडळात एक वयस्कर डॉक्टर होते, या घराचे नेहमीचे. मी त्यांना गाठलं. त्यांना सगळं ठाऊक होतं. वडील ठाऊक, सीनू ठाऊक, आजाराचं इंग्रजी नावही ठाऊक. “लग्न होऊन जाऊं दे,” ते मला समजावत म्हणाले, “मग सावकाश पाहूं. आतां बोललीस तर दोन घरें मोडतील.” दोन घरं नव्हतीच, एकच घर होतं, आणि ते दुप्पट मोडणार होतं. शिकलेला माणूस, गळ्यात नळी, आणि तोंडात कुलूप. मी त्यांना काय म्हणाले ते इथे लिहीत नाही. विश्वासने मला हाताला धरून बाहेर नेलं.

स्वयंपाकघरात

घरी आल्यावर मी देव्हाऱ्यातलं फूल बाजूला ठेवलं आणि पत्रक उचललं. कमलाअक्का रसमला फोडणी देत होत्या, सरोजा खोबरं खवत होती. मी म्हटलं, तुम्हाला वाचता येत नाही, मला येतं. मी वाचून दाखवते.

मी हे पत्रक रस्त्यात इतक्यांदा म्हटलं होतं की मला ते पाठ होतं. पण एखाद्या घरात उभं राहून, त्या घरालाच ते वाचून दाखवायची वेळ पहिल्यांदा आली. ‘तुमच्या घरात कुणी तरुण माणूस धावताना, पोहताना, पायऱ्या चढताना अचानक कोसळून गेलं आहे का? त्याचे भाऊ, बहिणी, मुलं यांचं हृदय आजच तपासून घ्या.’ खवणीचा आवाज थांबला. ‘लपवू नका. लपवणं म्हणजे पुढच्या मरणाला हातभार लावणं.’

“पुरे,” कमलाअक्का म्हणाल्या.

रसम उतू गेलं. त्यांनी ते उतरवलं नाही. सरोजाने उठून शेगडी बंद केली आणि आईकडे न बघता विचारलं, “अम्मा, आजोबा पायऱ्यांवरच ना?”

मग त्या बोलल्या, तेही माझ्याशी. सीनू गेला तेव्हा सासूने त्यांना तोंडावर म्हटलं होतं की या मुलीचं माहेर माणसं खातं. सासू गेली, पण ते वाक्य कमलाअक्कांनी सांभाळून ठेवलं होतं. “अगे, तुझ्या कागदांत लिहिलें आहे, लपवूं नका. ठीक. उद्यां सगळे म्हणतील, हिच्याकडून आलें. लेकीला हिनें दिलें. तें कोण ऐकणार? तूं? तूं सैकलवर बसून पुण्याला जाशील.”

राग तेवढाच होता, फक्त तो कमलाअक्कांवर काढता येत नव्हता. बाप गेला, भाऊ गेला, आणि तोही हिचाच गुन्हा. अशा घरात बाई लपवणार नाही तर काय करणार?

रघू रात्री जेवायला आला. विश्वासने त्याच्या पानाशेजारी बसून मंजूची हकीकत सांगितली, ओरडला नाही, हात जोडले नाहीत. रघू ऐकून घेऊन हसला. मी रोज वीस मैल सायकल मारतो, कधी धाप लागत नाही, म्हणाला. मंजूलाही लागत नव्हती, असं विश्वास म्हणाला. रघूने विषय बदलून आणखी भात मागितला. तेव्हा सरोजा भाताचं भांडं हातात घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली आणि वाढेना.

“मामा, उद्यां जाऊन तपासून ये. मीही येतें.”

“आणि नाहीं गेलों तर?”

“तर रविवारीं एकटा सैकल चालव. आणि मांडवांतही एकटाच बैस.”

राव कुठेतरी दूर पाहत होते. रघूने इकडेतिकडे बघून हसायचा प्रयत्न केला. कुणी साथ दिली नाही. भात त्याला, कबूल केल्यावर, मिळाला.

शनिवार

पुण्याच्या आमच्या डॉक्टरांनी इथल्या एका मोठ्या रुग्णालयातल्या हृदयतज्ज्ञ बाईंचं नाव दिलं होतं. त्या कमी बोलणाऱ्या होत्या. ध्वनिलहरींनी हृदयाचं चित्र पडद्यावर दिसतं, ते यंत्र त्यांच्याकडे होतं. पहिला रघू आत गेला. मग सरोजा. मग, कुणी सांगितलं नसताना, बाकावरून कमलाअक्का उठल्या, चप्पल काढून ठेवली आणि देवळात जावं तशा आत गेल्या.

रघूच्या हृदयाची भिंत जाड होती. चांगलीच. कमलाअक्कांचीही थोडी होती. सरोजाचं हृदय आज तरी स्वच्छ होतं, दर वर्षी पाहत राहायचं. बाईंनी हे तिघांना समोर बसवून, तमिळमध्ये, एकेक शब्द सुटा करून सांगितलं. शर्यती बंद. जोर लावून सायकल बंद. गोळ्या सुरू. सावकाश चाललेलं चालेल. रघूने लग्नाचं विचारलं. त्या म्हणाल्या, लग्न करा, पण याच घरात नको, आणि मुलाचा विचार करण्याआधी माझ्याकडे या.

बाहेर आल्यावर रघू सायकलस्टँडपाशी जाऊन स्वतःच्या सायकलची चेन बोटाने फिरवत बसला. सरोजा त्याच्याजवळ गेली. “आतां तूं नुसता मामा,” ती म्हणाली, आणि मग दोघंही रडली. लहानपणापासून तिला याच माणसाची बायको म्हणून चिडवलेलं होतं. आम्ही पाच जण पिवळ्या बनियनमध्ये लांब उभे होतो. ‘हृदयाचा खरा मित्र.’ मला तो बनियन फाडून टाकावासा वाटला.

त्या दिवशी जेवताना राव एवढंच म्हणाले, “बाहेर कोणाला कळूं नये. सरोजाला आतां दुसरें स्थळ पाहावें लागेल.” मी तोंड उघडणार तोच विश्वासने पाय दाबला. कमलाअक्का सगळ्यांना ताक वाढत गेल्या.

मरीना

रविवारी सकाळी एग्मोरला बँड होता. कंपनीचा मद्रासचा अधिकारी छायाचित्रकाराला घेऊन आला होता. रघू साध्या सदऱ्यात आला आणि सायकल चालवणार नाही म्हणाला. कारण त्याने सांगितलं नाही. घरून तशी ताकीद होती. अधिकाऱ्याने घड्याळ पाहिलं. मग विश्वासला बाजूला घेऊन म्हणाला, चालवू नको म्हणावं, नुसतं सीटवर बसू दे, आम्ही मागून धरतो, फोटोपुरतं.

विश्वास शांत माणूस आहे. इतक्या दिवसांत मी त्याला आवाज चढवताना पाहिलं नव्हतं. आताही त्याने तो चढवला नाही. त्याने बनियन काढला, त्याची नीट घडी घातली, अधिकाऱ्याच्या हातात दिली आणि बनियनखालच्या मळक्या गंजिफ्रॉकवर सायकलचं हँडल धरून चालायला लागला. बाकीच्या तिघांनीही बनियन काढले. मी पंजाबी ड्रेसवर चढवलेला माझा काढला तो सर्वांत आनंदाने. अधिकारी मागून ओरडत होता की सायकलफेरी ठरली आहे, तुम्ही चालताय काय? आम्ही चालत होतो, कारण रघू चालत होता. पुण्यापासून एवढं अंतर पायडल मारून आल्यावर शेवटचा तुकडा आम्ही सायकली हाताने ढकलत गेलो, रघूच्या चालीने. फुटपाथवरून काही पोरं विचारत होती, सगळ्यांच्या एकदम पंक्चर झाल्या का? बँड वाजत राहिला.

समुद्राजवळ छोटा मंच होता. मंडळाची माणसं बसने येऊन बसली होती, त्यांत तो वयस्कर डॉक्टर, त्यांत राव आणि कमलाअक्का. आम्हाला चालत येताना पाहून सगळीकडे कुजबुज सुरू झाली. मंडळाचे अध्यक्ष माइकवरून म्हणाले की मुलं दमली असावीत.

तेव्हा कमलाअक्का उठल्या. रावांनी त्यांच्या पदराला हात घातला, तो त्यांनी सोडवून घेतला. मंचावर गेल्या आणि माइक दोन्ही हातांनी धरून तमिळमध्ये बोलू लागल्या, कारण समोर मंडळाबाहेरची माणसंही खूप होती: सुंडल, म्हणजे फोडणीचे उकडलेले हरभरे, विकणाऱ्या बायका, कोळी, फिरायला आलेले. मला तमिळ येत नाही. मला त्यातलं फक्त नाव कळलं, सीनू. मग वडिलांचं नाव. मग रघूकडे हात केला, मग तोच हात स्वतःच्या छातीवर ठेवला. आणि शेवटी दोन शब्द, जे मद्रासमध्ये चार दिवस राहिलेल्या कुणालाही कळतील. दिष्टी इल्लै. दिष्टी नव्हे.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. डॉक्टर वाळूकडे बघत होता. मंचाजवळची एक सुंडलवाली टोपली खाली ठेवून पुढे आली आणि कमलाअक्कांना काहीतरी विचारू लागली, स्वतःच्या कडेवरच्या मुलाकडे बोट दाखवत. गुम्मिडिपूंडीपासून मी ज्याची वाट पाहत होते तो पहिला प्रश्न.

पुण्यात परत आल्यावर सगळे विचारतात, मद्रासचा समुद्र कसा आहे? मोठा आहे. कंपनीने पत्र पाठवून विचारलं, शेवटच्या टप्प्याचा एकही चांगला फोटो का नाही? नाही, कारण छायाचित्रकाराने कॅमेरा पिशवीत घातला होता. नाहीतर त्यात दिसलं असतं की कमलाअक्का त्या बाईला खाली वाकून समजावून सांगतायत आणि त्यांच्या हातात देव्हाऱ्यातून आणलेलं माझं पत्रक आहे, उलटं धरलेलं.